कुळ बरोबर, उपकुळ चूक!

आधीच सांगून ठेवते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी हा विषय मी फक्त पास होण्यापुरता केला, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात. आणि विषय वाचून पान उलटू नका प्लीज. विषय आहे आपल्या हॉस्टेलच्या बाथरूममधल्या माश्या.

हसलात ना? पण या माश्यांपायी २०२४ च्या जुलैमध्ये आमच्या मजल्यावर जे रामायण झालं ते माझ्यामुळे झालं. तेव्हा हा लेख थोडा माहितीपर आहे आणि थोडा माफीनामा.

आपण त्यांना रोज बघतो. टाइलवर, आरशाच्या कडेला, बादलीच्या वर. साबुदाण्याच्या दाण्याएवढ्या, काळपट, मखमलीसारख्या केसाळ. बसल्या की पंख असे पसरतात की बदामाचा आकार दिसतो. बोट लावलं तर उडत नाहीत, थोड्या बाजूला सरकतात. मारली तर टाइलवर राखेसारखा डाग पडतो. घरी आपण असल्या सगळ्या बारीक जिवांना सरसकट 'चिलट' म्हणतो आणि सोडून देतो. केळ्यावर बसतं तेही चिलट, कुंडीतून उडतं तेही चिलट, डोळ्यापुढे नाचतं तेही चिलट! खरं म्हणजे हे तीन-चार वेगवेगळ्या कुळांचे लोक आहेत आणि एकाचं दुसऱ्याशी फारसं नातंही नाही.

आता ती जुलैची गोष्ट. गुजरातमध्ये चांदीपुरा व्हायरसची साथ होती आणि टीव्हीवर सारखं तेच. लहान मुलं सकाळी तापाने फणफणतात आणि एक-दोन दिवसांत दगावतात, आणि हा व्हायरस 'सँडफ्लाय' नावाची बारीक माशी पसरवते. आमच्या मजल्यावर एका मैत्रिणीला ताप आला. मी हुशारी केली. बाथरूममधल्या माशीचा फोटो काढला, इंटरनेटवर शोधलं, नाव मिळालं: मॉथ फ्लाय, फॅमिली सायकोडिडी. मग सँडफ्लाय शोधली. फॅमिली सायकोडिडी! दोन्ही केसाळ, दोन्ही बारीक, कुळ एकच. रात्री साडेअकराला मजल्याच्या ग्रुपवर फोटोसकट टाकलं: "गर्ल्स, या सँडफ्लायच आहेत. चांदीपुरा याच पसरवतात. फॅमिली सेम आहे, मी चेक केलंय."

"मी चेक केलंय" हे वाक्य मला अजून टोचतं.

पुढचं काय सांगू! सकाळपर्यंत तो मेसेज तीन मजले फिरून घराघरांत पोचला. परभणीच्या एका मुलीचे बाबा रात्रीच्या एस.टी.ने आले आणि तिला घेऊन गेले. ती तीन आठवडे परत आली नाही, तिचे लेक्चर-प्रॅक्टिकल बुडाले आणि अटेंडन्सचं प्रकरण टर्मच्या शेवटपर्यंत तिच्या मागे लागलं. ताप आलेल्या मैत्रिणीशी दोन दिवस कुणी नीट बोललं नाही (तिचा साधा व्हायरल होता, चार दिवसांत बरी झाली). आणि सगळा राग निघाला तो बाथरूम साफ करणाऱ्या मावशींवर. "नीट साफ करत नाही म्हणून हे झालं" असं सगळ्यांसमोर त्यांना ऐकवलं गेलं. मावशी काही बोलल्या नाहीत. मी पण नाही बोलले.

माझी रूममेट नागपूरची. तिचं दुःख आणखी वेगळंच. "अगं, चांदीपुरा आमच्या नागपूरचं नं! आजाराला आमचंच नाव दिलं, आता मी सांगू तरी कशी कुठली आहे म्हणून?" तिचं खरं होतं. १९६५ साली नागपूरला तापाची साथ होती, तेव्हा दोन रुग्णांच्या रक्तात हा विषाणू पहिल्यांदा सापडला. शोधला कुणी? आपल्या पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, ज्याला १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही म्हणतात. पुढे याच संस्थेच्या लोकांनी औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) पकडलेल्या सँडफ्लायमधून तोच विषाणू वेगळा काढला, त्याचा पेपर १९७० चा आहे. म्हणजे आजार नागपूरचा, माशी मराठवाड्यातली, लॅब पुण्याची. पक्की महाराष्ट्राची केस!

बरीच वर्षं कुणी या विषाणूकडे फार लक्ष दिलं नाही. मग २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ गेली. २०२४ च्या साथीत १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराच्या २४५ केसेस आणि ८२ मृत्यू नोंदवले गेले, त्यातल्या ६४ जणांमध्ये चांदीपुरा नक्की झाला. तेव्हा लोक घाबरले यात लोकांची चूक नव्हती. घाबरण्यासारखंच होतं. चूक होती ती फोटोखालच्या ओळीत.

आता मुद्द्यावर येते. वर्गीकरण. शाळेत बायोलॉजीला आपण किंगडम, फायलम, क्लास, ऑर्डर वगैरे उतरंड पाठ केली आणि दहावीनंतर विसरलो (निदान पीसीएमवाल्यांनी तरी). मराठीत गण म्हणजे ऑर्डर, कुल किंवा कुळ म्हणजे फॅमिली, प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. पेपरवाले 'प्रजाती' स्पीशीजसाठी वापरतात, तिथे गोंधळ होतो. माशी, डास, चिलटं या सगळ्यांचा गण एकच, डिप्टेरा, म्हणजे दोन पंखांचे. बाकीच्या बहुतेक कीटकांना चार पंख असतात, यांच्या मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक गुंड्या उरल्यात. उडताना तोल सांभाळायला त्या गुंड्या जायरोस्कोपसारख्या चालतात. मेकॅनिकलवाल्यांनी नोंद घ्यावी.

या गणात दीडशेच्या वर कुळं आहेत आणि सायकोडिडी हे त्यातलं एक. नाव ग्रीक 'सायकी'वरून आलंय. सायकी म्हणजे जीव, आत्मा, आणि फुलपाखरूसुद्धा. १७९६ मध्ये लात्रेय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 'सायकोडा' ही प्रजाती केली आणि तिच्यावरून कुळाला नाव मिळालं. छोट्या पाकोळीसारखी दिसते म्हणून. घरमाशीपेक्षा ही आपल्या डासाला जास्त जवळची: लांब मण्यामण्यांच्या मिशा, नाजूक पाय. पंख टोकाशी निमुळता आणि त्यावरच्या शिरा जवळजवळ समांतर, टोकापर्यंत सरळ गेलेल्या. घरमाशीच्या पंखात शिरा एकमेकींना जोडून चौकटी करतात, इथे बाहेरच्या अर्ध्या भागात आडव्या शिरा जवळपास नाहीतच. आणि अंगभर, पंखभर केस. या केसांमुळेच ती शॉवरखालीसुद्धा भिजत नाही.

मी फोटोत एवढं बघितलं आणि थांबले. पण कुळाच्या खाली उपकुळं असतात! सायकोडिडीत साधारण ३,००० जाती आहेत आणि त्या बहुतेक तज्ज्ञ सहा उपकुळांत लावतात. हा भाग मला सगळ्यात आवडला म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ट्रायकोमायिनी उपकुळातल्यांच्या अळ्या कुजक्या लाकडात वाढतात. सायकोरॅसिनीतल्या माश्या चक्क बेडकांचं रक्त पितात. ब्रूकोमायिनी जंगलातल्या, फार कमी दिसणाऱ्या. मग होरायेलिनी, आणि हे नाव वाचून मी खुर्चीत सरळ बसले. कारण हे नाव सुंदरलाल होरा यांच्यावरून आलंय. होरा हे माशांचे, म्हणजे पाण्यातल्या माशांचे, मोठे अभ्यासक आणि पुढे झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक. डोंगरातल्या वेगवान ओढ्यांत प्राणी दगडाला कसे चिकटून राहतात हा त्यांचा आवडता विषय. १९३३ मध्ये टॉनॉय या बेल्जियन अभ्यासकाने अशाच ओढ्यातल्या एका विचित्र अळीच्या माशीला 'होरायेला' नाव दिलं. म्हणजे आपल्या बाथरूमच्या माशीच्या खानदानात एक अख्खं उपकुळ भारतीय माणसाच्या नावाचं आहे.

राहिली दोन, आणि माझा घोटाळा याच दोघींचा. एक फ्लेबोटोमिनी, म्हणजे सँडफ्लाय, आरोग्य खात्याच्या भाषेत वाळूमाशी. दुसरी सायकोडिनी, म्हणजे आपली बाथरूमवाली.

सँडफ्लायच्या साधारण १,००० जाती आहेत आणि त्यातल्या सुमारे दहात एकच रोगाशी संबंधित आहे. ती फिकट, मातकट, लांब पायांची, दोन-तीन मिलिमीटरची. बसली की पंख अंगावर पसरत नाही, इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर उभे धरते. मादी रक्त पिते, कारण अंड्यांसाठी तिला ते लागतं. आवाज करत नाही, नीट लांब उडताही येत नाही, टुणटुण उड्या मारत जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तिच्या अळ्या पाण्यात किंवा गटारात वाढत नाहीत. त्यांना लागते ओलसर माती, शेणाचा किंवा पाल्याचा भुगा, मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्याचे कोपरे. बिहार-बंगालकडचा काळा आजारही हीच पसरवते. १९४२ मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वयंसेवकांना सँडफ्लाय चावू देऊन ते सिद्ध केलं होतं. त्या जातीचं नाव फ्लेबोटोमस अर्जेंटिपेस. अर्जेंटिपेस म्हणजे चांदीच्या पायांची! चांदीपुराशी या चांदीचा काही संबंध नाही, नुसता योगायोग. (रूममेटला सांगितलं तर म्हणाली, "झालं! आता पाय पण चांदीचे.")

आणि बाथरूमवाली? तिला चावायला तोंडच नाही. तिच्या अळ्या वाढतात गटाराच्या बुळबुळीत थरात, तिथले जीवाणू आणि सडका गाळ खाऊन. स्वच्छ तर ती म्हणता येणार नाही, गटारातून उठून टूथब्रशवर बसली तर किळस वाटणारच. पण चांदीपुरा ती पसरवत नाही.

गंमत अशी की काही शास्त्रज्ञ सँडफ्लायना वेगळं कुळच देतात, फ्लेबोटोमिडी. डॉक्टर लोकांना ते सोयीचं वाटतं. पण बाकीचे म्हणतात, नातं एवढं जवळचं आहे तर घर कशाला वेगळं? माझ्या मते डॉक्टरांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्या रात्री मला "फॅमिली सेम आहे" असं लिहिता आलं नसतं! पण माझं मत हे गुन्हेगाराचं मत आहे, त्याला फार किंमत देऊ नका.

मला हे सगळं कळलं कसं? तिसऱ्या दिवशी, जेव्हा परभणीची मुलगी निघून गेली होती आणि माझ्या पोटात गोळा आला होता. सिव्हिलच्या एन्व्हायर्नमेंट लॅबमध्ये एक मायक्रोस्कोप आहे. तिथल्या काकांना विनंती केली. ते म्हणाले, "कॉम्प्युटरची पोरगी, माश्या घेऊन कुठे हिंडतेस?" पण लावून दिला. काडेपेटीत चार माश्या होत्या. लेन्सखाली बघितलं आणि खरं सांगते, 'वा!' असं मोठ्याने निघालं. पंखाच्या कडेला प्रत्येक शिरेच्या टोकाशी एकेक पांढरा ठिपका, जणू कुणी ब्रशने दिलाय. मग नाव शोधायला वेळ लागला नाही. क्लॉग्मिया अल्बिपंक्टाटा. अल्बिपंक्टाटा म्हणजेच पांढऱ्या ठिपक्यांची. १८९३ मध्ये विलिस्टन यांनी तिचं वर्णन केलं होतं आणि आज ती जगभरच्या उष्ण भागांतल्या बाथरूममध्ये आहे. मध्यंतरी ती टेल्मॅटोस्कोपस प्रजातीत होती, मग तिथून हलवून क्लॉग्मियात आणली. माशी तीच, पत्ता बदलला. जुन्या पुस्तकात शोधाल तर जुन्या नावाने सापडेल.

नाव मिळालं की बाकी सगळं धडाधड मिळत जातं: काय खाते, कुठे वाढते, अंड्यापासून माशी व्हायला किती दिवस लागतात (उबेत दोन-तीन आठवडे). मला एकदम डीबगिंग आठवलं. एररचा नंबर चुकीचा वाचला की आख्खी रात्र चुकीच्या फाइलमध्ये जाते. मजल्यावर दोन वेळा फवारणी झाली होती. भिंतीवरच्या माश्या मेल्या आणि आठवड्यात तेवढ्याच परत. कारण त्या भिंतीवर जन्मतच नव्हत्या.

मग टेपचा प्रयोग केला, हा कुणीही करू शकतं. रात्री दहानंतर, सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर, जाळीभोवतीची फरशी कोरडी पुसायची आणि जाळीवर पारदर्शक सेलोटेप चिकट बाजू खाली करून लावायची. पूर्ण बंद करायची नाही, हवेला जागा ठेवायची. सकाळी उलटून बघायची. खालून वर येणारी माशी टेपला चिकटलेली असते. आमच्या मजल्यावर चार जाळ्या. तीनवर मिळून दोन माश्या. चौथीवर, कोपऱ्यातल्या बाथरूममध्ये, एकोणीस!

ती जाळी उचलली. खाली नहाणी ट्रॅप असतो, सिव्हिलवाल्यांना माहीत आहेच. बाकीच्यांसाठी: जाळीखाली एक भांडं असतं, त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं आणि त्या पाण्यामुळे गटाराचा वास वर येत नाही. आमच्या ट्रॅपमध्ये वर एक उलटी वाटी बसते, पाण्यात बुडलेली. कोपऱ्यातल्या ट्रॅपची वाटीच नव्हती. आत केसांचा बोळा, शॅम्पूची पाकिटं आणि बोटभर काळा बुळबुळीत थर. त्यात करड्या, दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत होत्या. केस आणि पाकिटं कुणाची, ते लिहायची गरज नाही. आमचीच.

मावशी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "ती वाटी कधीच गेलीय ताई. मी दोनदा सांगितलं होतं. जाळी पण निघत नव्हती, पाना लागतो." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या पोरी. इंग्रजीत वाचून लिहिलं म्हणजे खरंच असंल म्हणून मी पण पोराला घरी ठेवला होता, बाहेर पाठवला नाही दोन दिवस."

हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या घरीही माझा मेसेज पोचला होता.

मी त्याच दिवशी ग्रुपवर दुसरा मेसेज टाकला. सगळं खरं लिहिलं, कुळ-उपकुळासकट. पहिला मेसेज पोचला तितका हा पोचला नाही, हे सांगायला नको. परभणीच्या मैत्रिणीला फोन केला. तिचे बाबा फोनवर आले आणि एवढंच म्हणाले, "बरं झालं बेटा सांगितलंस." मॅडमना भेटून मावशींबद्दल सांगितलं. नवीन वाटी बसली, थर तारेच्या ब्रशने खरवडून काढला. नुसतं फिनेल किंवा अ‍ॅसिड ओतून भागत नाही, ते थरावरून घसरून जातं. तीन आठवड्यांनी त्याच जाळीवर टेप लावली तेव्हा एक माशी होती.

शेवटचं एक. बाथरूममध्ये नव्हत्या तेव्हा या माश्या कुठे राहायच्या? झाडाच्या ढोलीत. खोडातल्या खळग्यात पावसाचं पाणी आणि पाला साचून कुजतो, तिथे क्लॉग्मियाच्या अळ्या सापडतात. नहाणी ट्रॅप म्हणजे त्यांच्या दृष्टीने सिमेंटच्या झाडाची ढोलीच! हे वाचल्यावर मी आणि रूममेट एका रविवारी आपल्या वारज्याच्या वनात गेलो. हो, तेच टेकडीवरचं वन, ज्याचं कौतुक ५ जून २०२० ला नगर वन योजना जाहीर झाली तेव्हा दिल्लीपर्यंत झालं होतं. तेव्हा तिथल्या जैवविविधतेची यादी दिली होती: २३ प्रकारच्या वनस्पती, २९ पक्षी, १५ फुलपाखरं, १० सरपटणारे प्राणी, ३ सस्तन प्राणी. त्या यादीत माश्यांचा रकानाच नाही. पक्षी खातात काय मग?

पाऊस नुकताच थांबला होता. एका जुन्या झाडाच्या बेचक्यात पाणी साचलं होतं, चहासारखं काळं. तासभर उभ्या होतो, डास चावून पाय सुजले. रूममेट कंटाळून निघणार, एवढ्यात खोडाच्या सावलीच्या बाजूला एक दिसली. बदामाच्या आकाराची, पंख पसरलेली. आपल्या बाथरूमवालीपेक्षा बारीक आणि फिकट, पांढरे ठिपके नाहीत. म्हणजे कुळ तेच, उपकुळही बहुतेक तेच, पुढचं नाव मला नाही लावता आलं. पकडायला गेले तर सालीच्या फटीत शिरली. आकुर्डीला झूऑलॉजिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. एखादी काडेपेटीत मिळाली तर घेऊन जाणार आहे. या वेळी आधी विचारणार आणि मग लिहिणार.

मावशींना फोटो दाखवला. म्हणाल्या, "ही होय! आमच्या गावाकडं न्हाणीतली पाकोळी म्हणतात हिला. काही करत नाही ती."

टेपचा रोल आणि पाना २१४ नंबरच्या रूममध्ये आहे. कुणालाही लागला तर येऊन घेऊन जा.